थायरॉईडचा लायोमायोसारकोमा

गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत मृदू स्नायूंच्या पेशींपासून होणारा हा कॅन्सर. मृदू स्नायू म्हणजे जे आपण ठरवून हलवत नाही ते, आतड्याच्या, गर्भाशयाच्या, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले. थायरॉईडमध्ये असा स्नायू फक्त तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच होत असावी असं मानतात. जगभरात नोंदलेल्या केसेस काही डझनच, त्यामुळे कोकणातल्या एखाद्या अनुभवी सर्जननेही आयुष्यात एकसुद्धा बघितली नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही.

पेशंट बहुतेक उतारवयातले, त्यातही बायका जास्त. गाठ आठवड्या-महिन्यांत भराभर वाढते, आवाज बसतो, घास अडकतो, आडवं झालं की श्वास कोंडतो. आपल्याकडे गळ्याला गाठ दिसली की 'गलगंड असेल, आजीला पण होता' म्हणतात आणि आधी भातलावणी होऊदे, मग गणपती होऊदेत करत दाखवायचं राहून जातं. पण साधा गलगंड वर्षानुवर्षं सावकाश वाढतो, दोन महिन्यांत दुप्पट झालेली गाठ गणपतीपर्यंत थांबवू नये. रक्तातलं टीएसएच (थायरॉईडचं काम नीट चाललंय का ते दाखवणारं हार्मोन) बऱ्याचदा नॉर्मलच येतं, त्या एका रिपोर्टवर निर्धास्त होणं धोक्याचं.

खरी अडचण निदानाची आहे. सोनोग्राफीत गाठ दिसते पण ती कशाची ते कळत नाही. बारीक सुईने काढलेल्या पेशी लांबट दिसतात, आणि तशाच लांबट पेशी थायरॉईडच्याच अॅनाप्लास्टिक नावाच्या कॅन्सरमध्ये दिसतात, मेड्युलरी नावाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात पण दिसतात, म्हणून जाड सुईने किंवा ऑपरेशन करून तुकडा काढावा लागतो. मायक्रोस्कोपखाली या पेशींच्या जुड्या एकमेकींना काटकोनात छेदत जातात, नारळाच्या झापाच्या विणीसारख्या, आणि पेशीकेंद्रं विडीसारखी, टोकं बोथट. तरी नुसत्या नजरेवर भागत नाही, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं (मार्कर) रंगवून ओळखायची तपासणी, हवीच: स्नायूंचे मार्कर स्मूथ मसल अॅक्टिन, डेस्मिन, एच-काल्डेस्मॉन पॉझिटिव्ह आणि थायरॉईडच्या पेशींचे थायरोग्लोब्युलिन, टीटीएफ-1, पॅक्स-8, कॅल्सिटोनिन निगेटिव्ह. एकाच मार्करवर नाव ठरवत नाहीत.

त्यानंतरही एक प्रश्न उरतो, गाठ मुळात थायरॉईडचीच का दुसरीकडून आलेली? कारण गर्भाशयाचा किंवा पोटातला लायोमायोसारकोमा थायरॉईडमध्ये पसरू शकतो. म्हणून छाती-पोटाचा सीटी किंवा पेट स्कॅन करतात. बाईचं पूर्वी पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर तो जुना रिपोर्ट घरातल्या ट्रंकेतून शोधून डॉक्टरांना दाखवाच, 'फायब्रॉईड होता' (म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ) एवढं तोंडी सांगून पुरत नाही.

उपचारात पहिलं ऑपरेशन, गाठ कडेच्या निरोगी भागासकट पूर्ण काढणं. ती श्वासनलिकेला किंवा स्वरयंत्राच्या नसेला चिकटलेली असली तर हे फार अवघड होतं, कधी श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागते. थायरॉईडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये देतात ते किरणोत्सारी आयोडीन इथे उपयोगाचं नाही, कारण या पेशी आयोडीन शोषतच नाहीत. चुकीच्या नावाने उपचार सुरू झाले तर मोलाचे महिने जातात, म्हणून मी निदानावर एवढं लिहिलं. रेडिएशन आणि डॉक्सोरुबिसिन, आयफॉस्फामाईड अशी केमोची औषधं देतात, पण त्यांचा फायदा मर्यादित. आजार रक्तातून पसरतो, जास्त करून फुफ्फुसात, आणि एकूण आयुर्मान कमीच, बऱ्याच पेशंटचं वर्षभराच्या आत. हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं, आणि वेदना आणि श्वासाचा त्रास कमी करणारे उपचार पहिल्या दिवसापासून हवेत.

चिपळूण-संगमेश्वरकडच्या लोकांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ, सावंतवाडी-दोडामार्गकडचे गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जातात, आणि अशा दुर्मिळ केसला बहुतेकांना परळचं टाटा हॉस्पिटल, 1941 सालचं, गाठावंच लागतं. जाताना नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. ब्लॉक असले तर पुढचे मार्कर त्याच्यावरच करता येतात, बहुतेक वेळा परत सुई टोचायला लागत नाही. आणि पूर्ण थायरॉईड काढल्यावर थायरॉक्सिनची (ग्रंथी बनवायची त्या हार्मोनची) गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास तरी आधी, जन्मभर.