किटवर दोन रेघा आल्यात आणि पोटात दुखतंय? आधी हे वाचा

आपल्या मेडिकलमधून प्रेग्नन्सी किट नेणाऱ्या प्रत्येकीला आम्ही हा कागद सोबत देतो. फेकू नका, घरच्यांनाही वाचायला द्या.

दोन रेघा आल्या म्हणजे दिवस गेलेत एवढंच कळतं, गर्भ कुठे रुजलाय ते किट सांगत नाही. शंभरात एक-दोघींचा गर्भ पिशवीत न रुजता बाहेर रुजतो, बहुतेक वेळा गर्भनलिकेत, डॉक्टर त्याला एक्टोपिक म्हणतात. नळी बारीक असते, गर्भ वाढला की फुटू शकते आणि पोटात आतल्या आत रक्तस्राव होतो, अंगावरून मात्र थोडंसंच जातं म्हणून घरात कुणाला एवढं गंभीर वाटत नाही आणि तिथेच वेळ जातो.

त्रास साधारण शेवटच्या पाळीपासून सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतो. ओटीपोटात दुखतं, बऱ्याचदा एकाच बाजूला, तपकिरी किंवा लाल डाग पडतात, काहींना संडासला बसताना कळ येते. खांद्याच्या टोकाला दुखत असेल तर बाम चोळत बसू नका, पोटात साचलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. त्यात चक्कर, घाम, डोळ्यापुढे अंधारी आली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच 108 ला फोन करा, स्वतः गाडी चालवत तर अजिबात जाऊ नका, संध्याकाळी सिंहगड रोडला काय ट्रॅफिक असतं माहितीये ना.

काउंटरवर कुणी येऊन म्हणतं, "मिसेसचं पोट दुखतंय, जरा स्ट्राँग गोळी द्या." आम्ही पाळीची तारीख विचारतो, राग मानू नका, गोळीने दुखणं दबतं, नळीतला गर्भ तिथेच राहतो. गर्भपाताच्या गोळ्याही चिठ्ठीशिवाय मागू नका, एक्टोपिकवर त्या चालत नाहीत, उलट रक्त गेलं की बाई समजते मोकळी झाले.

आधी एक्टोपिक झालेली, नळीचं ऑपरेशन किंवा ओटीपोटात इन्फेक्शन झालेलं, आयव्हीएफ केलेलं, तांबी असताना किंवा कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर दिवस गेलेले, यांनी दुखायची वाट न बघता लवकर दाखवा. पण निम्म्या जणींना यातलं काहीच नसतं. आणि पपई खाल्ली, गाडीवर बसली म्हणून हे होत नाही, सुनेला बोल लावू नका प्लीज.

डॉक्टर आतून सोनोग्राफी करतात, बीटा एचसीजी म्हणजे प्रेग्नन्सीच्या हार्मोनची रक्ततपासणी लागली तर ती 48 तासांनी पुन्हा करून बघतात. लवकर सापडलं तर काहींचं इंजेक्शनवर भागतं, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन. तो गर्भ पिशवीत आणून ठेवता येत नाही, हे ऐकायला जड जातं, पण पुढे नीट दिवस राहून बाळ झालेल्या खूप जणी आहेत.

निघताना पाळीची तारीख, ब्लड ग्रुपचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. वाटेत चहा-बिस्किट नको, भूल द्यावी लागू शकते.