नारकंड्याचा छोटा उतार: निघण्याआधी घरच्या सगळ्यांनी वाचायचं पत्रक

आम्ही दर हिवाळ्यात रत्नागिरीहून कुटुंबांना हिमाचलातल्या नारकंड्याला स्कीइंग, म्हणजे पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणं, शिकायला नेतो. गणपती विसर्जन झालं की आमच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "स्कीइंग म्हणजे पैसेवाल्यांचं काम ना हो? त्याला स्वित्झर्लंड नाहीतर गुलमर्ग लागतं." विचारणारे बहुधा आजोबा असतात आणि मागे नातू त्यांचा शर्ट ओढत असतो. त्या आजोबांना तोंडी जे सांगतो तेच इथे लिहिलं आहे. दरपत्रक वेगळं आहे, कारण रेल्वेचं भाडं आणि तिकडच्या गाडीचा दर दरवर्षी बदलतो. या पत्रकात पैशांचे आकडे शोधू नका.

छोटाच उतार का?

नारकंडा हे शिमल्याच्या पुढे ६०-६५ किलोमीटरवरचं, जुन्या हिंदुस्तान-तिबेट रस्त्यावरचं लहानसं गाव. उंची साधारण २,७०० मीटर. एक बाजारपेठ, देवदाराचं रान, सफरचंदाच्या बागा आणि जवळच धोमरीचा उतार. काश्मीरच्या गुलमर्गला गंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद डब्यांचा रोपवे आहे, तो जवळपास ४,००० मीटरपर्यंत वर नेतो. सोलंगलाही रोपवे आहे आणि मनालीची सगळी गर्दी आहे. उत्तराखंडातलं औली सुंदर आहे, पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद झाला. शिवाय हरिद्वारपासून डोंगरातला दिवसभराचा रस्ता, लहान मुलं घेऊन तो आम्हाला नको वाटतो.

ही सगळी ठिकाणं नारकंड्यापेक्षा मोठी आहेत, यात वाद नाही. पण जो माणूस जन्मात पहिल्यांदा पायाला स्की बांधतो, तो दोन दिवस शंभर-दीडशे पावलांच्या सौम्य उतारावरच असतो, मग तो गुलमर्गला जावो की आल्प्समध्ये. बाकीचा डोंगर फोटोत दिसण्यापुरता. त्या डोंगराचे पैसे आपण का भरायचे? छोट्या जागी भाड्याचं सामान, शिकवणारा माणूस आणि राहायची खोली, तिन्ही हाकेच्या अंतरावर असतात. आई खाली चहा घेत बसली तरी तिला वर पोरगं दिसत असतं. कुटुंबाला घेऊन जाताना आम्हाला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आँचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्कीइंगचं कांस्यपदक आणलं. तुमच्या मुलाला पदक मिळेल असं आम्ही म्हणत नाही. हा खेळ आपल्याच देशातल्या खेड्यांतली पोरं खेळतात, एवढंच लक्षात असू द्या.

जायचं कसं

रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने दिल्लीचं हजरत निजामुद्दीन. ही गाडी रोज आहे. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने पहाटे काल्का, आणि तिथून शिमल्याची छोटी गाडी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २६ जानेवारीच्या आसपास निघायचं तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमची नावं, वयं आणि आगाऊ रक्कम आमच्याकडे हवी. "बघू, मोहोर कसा येतो त्यावर सांगतो" हे बागायतदारांचं म्हणणं आम्हाला कळतं. आमचीही कलमं आहेत. पण रेल्वे मोहोरासाठी थांबत नाही. फवारणीचा गडी आधी ठरवा आणि मग या.

काल्का-शिमला गाडीसाठी आम्ही मुद्दाम एक अख्खा दिवस ठेवतो. टॅक्सीने लवकर पोचता येतं, पण ही १९०३ सालची रेल्वे आहे आणि २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ९६ किलोमीटरांत शंभराहून जास्त बोगदे. बडोगचा सगळ्यात लांब बोगदा सव्वा किलोमीटरही नाही, तेव्हा आपल्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा रोज बघणाऱ्यांनी तिथे नाक मुरडू नये. शिवाय गाडी सावकाश चढते. समुद्रसपाटीवरच्या माणसाच्या शरीराला त्याचाही फायदा होतो.

शिमल्याला एक रात्र राहणं आमच्याकडे सक्तीचं आहे. पहिल्या वर्षी आम्ही वेळ वाचवायला काल्क्याहून थेट नारकंडा गाठलं होतं. रात्री अर्धा गट डोकं धरून बसला. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास काहींना जाणवतो आणि त्यावर उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने चढणं, पाणी पीत राहणं आणि पहिल्या रात्री "थंडी आहे म्हणून थोडीशी" न घेणं. हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि ते काय म्हणाले ते आम्हालाही सांगावं. लपवू नका. मोठं रुग्णालय शिमल्यात आहे, नारकंड्यात नाही.

शिमल्याच्या रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवरच्या मोकळ्या चौकात, उभे राहाल तेव्हा एक गंमत. त्या धारेच्या एका अंगाचं पाणी यमुनेवाटे बंगालच्या उपसागराला जातं आणि दुसऱ्या अंगाचं सतलजेतून सिंधूत, तिथून अरबी समुद्रात. म्हणजे तिथला थोडा बर्फ आपल्याच समुद्राला येऊन मिळतो. भाट्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना हे सांगितलं की ती पाच मिनिटं तरी गप्प होतात.

उतारावर नेमकं काय होतं

पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून जो एकदा आपटला आहे, त्याला स्कीइंगचं अर्धं शास्त्र ठाऊक आहे. स्कीची पट्टी बर्फावर घासली की उष्णतेने तिच्याखाली पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि आपण त्यावरून सरकतो. फरक इतकाच की पाखाडीवर थांबणं आपल्या हातात नसतं, इथे ते शिकवतात.

आधी बूट. हे बूट प्लास्टिकचे, जड आणि घोट्यापाशी जवळजवळ न वाकणारे असतात. ते घालून चालताना माणूस नमनातल्या रावणासारखा पाय टाकतो. सगळे एकमेकांना हसतात, हसू द्या. बूट घट्ट हवा पण बोटं हलली पाहिजेत. आत एकच जोड मोजे. दोन घातले की सुरकुती पडते आणि संध्याकाळी तिथेच फोड येतो.

मग पट्टी. उभी धरली की तिचं टोक हनुवटीच्या आसपास यायला हवं. शिकाऊ माणसाला आखूडच पट्टी बरी. बूट पट्टीला ज्या खटक्याने अडकतो, तो पडताना पाय पिरगळला तर सुटतो, आणि तो किती ओढीला सुटावा हे तुमच्या वजनावर ठरवायचं असतं. म्हणून वजन खरं सांगा. दरवर्षी कुणी ना कुणी दहा किलो गिळतं. तिथे तुमच्या वजनाशी कुणाला काही देणंघेणं नाही, तुमच्या गुडघ्याला मात्र आहे. दुकानदार वजन न विचारता सामान देऊ लागला तर आपणहून सांगा आणि खटका तपासून घ्या.

पहिला तासभर घसरायला मिळत नाही. एका पायात पट्टी घालून सपाटीवर चालायचं, उताराला आडवं उभं राहून खेकड्यासारखं एकेक पाऊल वर चढायचं आणि पडायला शिकायचं. पडावं बाजूला, कुल्ल्यावर. हात टेकून सावरायला गेलात तर मनगट दुखावतं. उठताना दोन्ही पट्ट्या उताराच्या खालच्या अंगाला आणि उताराला आडव्या घ्यायच्या. तोंड खाली असलेली पट्टी तुमच्या उठण्याची वाट बघत नाही.

थांबायची पहिली युक्ती म्हणजे पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब, पुढे निमुळता आकार. टाचा जितक्या बाहेर ढकलाल तितका वेग कमी. शिकवणारा दिवसभर एकच ओरडत असतो, "घुटने मोड़ो, आगे देखो." आपली माणसं गुडघे ताठ ठेवतात, मागे कलतात आणि पायाकडे बघतात. भीती वाटली की शरीर मागे जातं, आणि मागे कललं की पट्टी आणखी पळते. पुढे झुकून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवली की पट्टी तुमचं ऐकू लागते. हे डोक्याला पटायला साधारण एक दुपार लागते. म्हणून आम्ही उतारावर दोन पूर्ण दिवस ठेवतो. एका दिवसात फोटो होतो, स्की येत नाही.

वर जायला लिफ्ट मिळेलच असं धरून चालू नका. आम्ही आडव्या पावलांनीच चढतो. दमायला होतं, पण त्यानेच पट्टीच्या कडेवर उभं राहणं पायांत बसतं.

सहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही पट्ट्या घालत नाही. त्यांना स्लेज, म्हणजे बर्फावरून सरकणारी बसायची घसरगाडी. पोफळीच्या विरीवर बसवून अंगणात ओढलेल्या मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही. आजी-आजोबांनाही स्लेज चालते, कंबरेची तक्रार नसेल तर. स्लेजवर तोंड पुढे आणि पाय पुढे, डोकं पुढे कधीच नाही.

कपडे, ऊन आणि थोडं सामान

रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटे १८ अंशांना आपण कानटोपी शोधतो. हजार मीटर वर गेलं की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं आणि तिकडचा मुळातला हिवाळा वेगळा. रात्री पारा शून्याखाली जातो. तरी हजारो रुपयांची खरेदी करू नका. अंगालगत सुती बनियन नको, घामाने ओला झाला की तो अंगावर गार पडून राहतो. आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं, त्यावर स्वेटर, आणि सगळ्यात वर तुमच्या घरात आहेच असा पावसाळी कोट आणि पावसाळी पँट. जूनसाठी घेतलेलं जानेवारीत कामी येतं. हातमोजे मात्र पाणी न शिरणारे, आणि दोन जोड. गमबूट आणू नका, गारठ्यात त्यांचा तळ कडक होतो आणि रस्त्यावरच्या पारदर्शक बर्फावर घसरतो.

मुलांचं सायकलचं हेल्मेट असेल तर बॅगेत टाका. स्कीचं हेल्मेट तिथे मापाचं मिळालं तर उत्तमच, नाहीतर उघड्या डोक्यापेक्षा हे बरं.

उन्हाबद्दल कोकणी माणसाला कुणी शिकवावं, असं वाटतं खरं. पण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांपाशी सनस्क्रीन लावा. गॉगलशिवाय दिवसभर राहिलात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं. साधं खोबरेल नेलंत तर बाटलीत दगड होईल, ओठांना लावायला तूप किंवा व्हॅसलीन घ्या.

खाणं

मासळी मिळणार नाही, हे आधीच मान्य करून या. राजमा-भात, कढी, गरम पराठे आणि सिड्डू मिळतं. सिड्डू म्हणजे आंबवलेल्या कणकेचा सारण भरून वाफवलेला गोळा, वरून तूप. मोदकाचा हा दूरचा नातेवाईक आमच्या गटांना बहुतेक आवडतो. २,७०० मीटरवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात भात कच्चट राहतो. भात प्रेशर कुकरचाच मागा. आम्ही कोकमाच्या आगळाची बाटली सोबत ठेवतो. दोन दिवस राजम्यावर काढले की तिची किंमत कळते.

बर्फ नसेल तर?

तिकडचा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून आहे, जसा आपला पाऊस नैर्ऋत्य वाऱ्यांवर. कधी तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडतो, कधी अडून बसतो. २०२४ चा जानेवारी महिनाभर गुलमर्गसुद्धा जवळजवळ कोरडं होतं. त्यामुळे "बर्फाची खात्री आहे ना?" याला आमचं उत्तर "नाही" असंच आहे. जो खात्री देतो त्याच्याकडे जाऊ नका. उतार कोरडा असेल तर शिकवणी आणि सामानभाड्याची रक्कम आम्ही तिथेच हातात परत देतो आणि त्या दिवशी हाटूच्या शिखरावर जातो. ते सुमारे ३,४०० मीटर उंच आहे आणि वर हाटूमातेचं लाकडी देऊळ आहे. ज्या वर्षी बर्फ चांगला असतो त्या वर्षी तो रस्ता बंद असतो, म्हणजे दोन्हीपैकी एक काहीतरी मिळतंच.

उलटही होतं. फार बर्फ पडला की कुफरी ते नारकंडा रस्ता बंद होतो. एकदा आम्ही ठरवलेल्या गाडीवाल्याकडे चाकांना बांधायच्या साखळ्याच नव्हत्या. गटातल्या काकांनी आणि पोरांनी मिळून खाली माती टाकून गाडी काढली. आता साखळ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्ही कुणाला आगाऊ पैसे देत नाही. परतीच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवतो तो यासाठीच. त्या मोकळ्या दिवसावर लग्नाचा मुहूर्त किंवा पोरांची परीक्षा धरू नका. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी या.

नाव नोंदवायला येताना प्रत्येकाच्या बुटाचं माप, उंची आणि खरं वजन कागदावर लिहून आणा. आजींचंही, त्या "मी नुसती बघायला येते" म्हणत असल्या तरी.