राक्षसी माकूल: जाती वीस नाहीत, एकच

खोल समुद्रात राक्षसी माकुलांच्या (जायंट स्क्विडच्या) वीसेक जाती आहेत, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. १८५७ साली डेन्मार्कचे प्राणीशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप यांनी या माकुलाला 'आर्किट्यूथिस डक्स' हे शास्त्रीय नाव दिलं. पुढे किनाऱ्याला लागलेलं कुजकं धड, स्पर्म व्हेलच्या (माकूल खाणाऱ्या देवमाशाच्या) पोटात सापडलेली माकुलाची कठीण चोच, अशा तुकड्यांवरून नव्या जाती ठरत गेल्या. मेलेल्या माकुलाचे लांब बाहू रबरासारखे ताणले जातात, मोजमाप फसणारच! २०१३ मध्ये जगभरातल्या ४३ नमुन्यांचा डीएनए तपासला. फ्लोरिडा असो वा जपान, फरक जवळपास नाहीच. मला तर हेच जास्त थक्क करणारं वाटतं. पिल्लं प्रवाहाबरोबर दूरदूर वाहत जात असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे.