रॅप: जुनं डांबर घातलेलं रस्त्याचं मिश्रण

जुन्या रस्त्याचा डांबरी थर मिलिंग मशीननं खरवडला की जी डांबर चिकटलेली खडी निघते तिला रॅप (रिक्लेम्ड अस्फाल्ट पेव्हमेंट) म्हणतात, ती चाळून नव्या खडी-डांबरात मिसळतात. गोव्यात बोलताना गरम खडी-डांबराचं मिश्रण म्हणजे सगळंच हॉटमिक्स, त्यात जुना माल असो वा नसो.

सुरुवात काहीजण १९१५च्या आसपास अमेरिकेत नेतात, पण वापर खरा वाढला तो १९७३च्या तेलसंकटानंतर, तेच धरलेलं बरं. जुन्या डांबरी थरांच्या पुनर्वापराची आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) १२० ही भारतीय मार्गदर्शिका २०१५ची.

वाद आहे तो जुनं डांबर नव्यात किती उतरतं यावर. वर्षानुवर्षं हवा लागून ते कडक झालेलं असतं. एक बाजू म्हणते गरम खडीबरोबर ते पूर्ण विरघळतं, दुसरी म्हणते कसलं काय, तो नुसता काळा दगड, खडीच समजा. २०००च्या सुमारास अमेरिकेत दोन्ही टोकांचे नमुने मुद्दाम बनवून नेहमीच्या पद्धतीच्या मिश्रणाशी ताडून पाहिले, तर १० टक्के रॅपला फारसा फरक नाही, ४० टक्क्यांना मात्र नेहमीचं मिश्रण काळ्या दगडापेक्षा पूर्ण मिसळलेल्याच्या जवळ गेलं. म्हणजे बरंचसं मिसळतं, सगळं नाही, हेच मत जास्त पटण्यासारखं. तिथला ढोबळ नियमही त्याला धरूनच आहे: १५ टक्के रॅपपर्यंत नवं डांबर नेहमीचंच, २५ पर्यंत एक ग्रेड (प्रत) मऊ, पुढे हिशोब करून.

कडकपणामुळे चाकोऱ्या कमी पडतात पण वारंवार वाकून तडे लवकर जाऊ शकतात, म्हणून जास्त रॅपला मऊ डांबर किंवा रिजुव्हेनेटर, म्हणजे जुनं डांबर पुन्हा मऊ करणारं द्रव्य, लागतं. मार्शल स्टॅबिलिटीला, म्हणजे नमुना दाबून तो किती भार पेलतो त्या चाचणीला, ६० अंशांवर किमान ९ किलोन्यूटन हवेत, ते रॅपवालं मिश्रण बहुतेकदा सहज देतं, आणि इथेच फसायला होतं कारण तो आकडा तड्यांबद्दल काहीच सांगत नाही. थंडीनं तडकण्याची अमेरिकन पुस्तकांतली भीती गोव्यात सोडून द्या, इथे डिचोली-साखळीकडचे खनिजाचे ट्रक आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस बघायचा. पाण्याचा परिणाम तपासायला भिजवलेल्या नमुन्यात कोरड्याच्या किमान ८० टक्के ताणशक्ती उरावी लागते. जुनं डांबर खडीला घट्ट धरून असल्यानं रॅप यात अनेकदा बरं ठरतं, पण ढीग उघड्यावर भिजला तर प्लांटची निम्मी उष्णता पाणी उडवण्यातच जाते की काय असं वाटतं, मिश्रण थंड पडतं आणि रोलरखाली नीट दबत नाही, तेव्हा ढिगावर छप्पर हवंच.