छोटा टिलवा की टेमिंकचा? नुसत्या पायांवर जाऊ नका

हिवाळा सरत आला की हतनूर धरणाचं पाणी मागे सरकतं आणि चांगदेवच्या बाजूला चिखलाचे पट्टे उघडे पडतात. त्यावर चिमणीएवढे करडे पक्षी चोची खुपसत फिरताना दिसतात. ते टिलवे. त्यातला छोटा टिलवा कोणता आणि टेमिंकचा कोणता, यावर दुर्बिणी गळ्यात घातलेली माणसंही हुज्जत घालतात. गंमत म्हणजे दोघांचं शास्त्रीय वर्णन एकाच जर्मन माणसाने, लाइस्लरने, एकाच वर्षी म्हणजे १८१२ मध्ये केलं.

पुस्तकातली पहिली खूण ठरलेली: छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट. खूण खरी आहे, पण आपल्याकडची काळी माती तिला टिकू देत नाही. ओल्या गाळातून चार पावलं चाललेल्या टेमिंकचे पाय काळेच दिसतात. उलट छोट्याच्या पायांवर गाळ वाळला की ते फिकट भासतात. सूर्य समोर असेल तर बोलायलाच नको.

म्हणून आधी छाती बघावी. टेमिंकच्या छातीवर करडा-तपकिरी रंग आडवा पसरलेला असतो आणि पोटाच्या पांढऱ्याशी तो बऱ्यापैकी स्पष्ट तुटतो. पाठही साधी, मातकट, फारशी नक्षी नसलेली. छोट्याची छाती मधोमध पांढरी, रंग असलाच तर दोन्ही बाजूंना.

मग चाल. छोटा टिलवा उघड्या चिखलावर थव्याने, चावी दिलेल्या खेळण्यासारखा पळतो. टेमिंकचा बहुधा एकटा-दुकटा, गवताच्या कडेकडेने, गुडघे मोडून दबकत चालणारा. त्याला उठवलं तर तो 'टिर्रर्र' असं थरथरतं ओरडत झपाट्याने वर चढतो. छोट्याचा आवाज तुटक, 'टिट्'. माझ्या मते उडतानाची शेपटी ही सगळ्यात भरवशाची खूण: टेमिंकच्या बाहेरच्या पिसांचा रंग शुभ्र, छोट्याच्या करडा. कॅमेरा 'बर्स्ट'वर, म्हणजे सलग फोटो काढण्यावर ठेवला तर एखाद्या फ्रेममध्ये ती सापडते. मात्र फोटोसाठी थवा मुद्दाम उठवू नये. ते आपणहून उडतातच.

खरी अडचण पिवळे पाय पाहून कुणी थेट 'लांब बोटांचा टिलवा' ही तिसरीच जात नोंदवतो तेव्हा होते. पिवळे पाय त्याचेही असतात, पण त्याची पाठ ठळक खवल्यांची, छातीवर बारीक रेघा आणि मान उंचावून उभं राहायची सवय. अशी नोंद ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली की त्या भागाच्या आणि त्या महिन्याच्या अपेक्षेबाहेरची म्हणून ती अडते आणि स्वयंसेवक समीक्षक तपशील मागतो. नेहमीच्या पक्ष्याची संख्या फार मोठी टाकली तरी तेच. अनेकांना हा अपमान वाटतो. पण नोंद मान्य झाली नाही तरी ती आपल्या यादीतून पुसली जात नाही, फक्त सार्वजनिक नकाशावर येत नाही.

एवढी कडक तपासणी कशासाठी, हे खान्देशाला तरी सांगायला नको. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात वनपिंगळ्याचे, म्हणजे पुढे शतकभर कुणाला न सापडलेल्या एका छोट्या घुबडाचे, नमुने इथूनच गोळा केले होते. पुढे माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळाल्याचा दावा केला आणि शोधणारे भलतीकडे भटकत राहिले. तो नमुना संग्रहालयातून चोरून, नवं लेबल लावलेला निघाला. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी माइनर्ट्झहागेनच्या नोंदी बाजूला ठेवल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा त्यांना व त्यांच्या साथीदारांना जिवंत दिसला.

तेव्हा समीक्षकाला 'पाय पिवळे, खात्री आहे' एवढंच लिहून भागत नाही. पाठ, छाती, शेपटी, आवाज, अंतर, उजेड कुठून होता आणि शेजारी तुलनेला कोण होतं, हे तिथेच वहीत उतरवावं. शेपटी दिसली नसेल तर 'दिसली नाही' असं लिहावं आणि नोंद 'टिलवा, जात अनिश्चित' अशी करावी. ई-बर्डवर तशी सोय आहे.