इराणी-इस्लामी वास्तू आणि नगरेतिहास (अभ्यासक्षेत्र)

इस्लामच्या आगमनानंतर इराणात आणि फारसी संस्कृतीच्या प्रभावाखालील मध्य आशिया, अफगाणिस्तान, दख्खन अशा प्रदेशांत उभ्या राहिलेल्या इमारती, बाजार, बागा, पाणीपुरवठा आणि शहरे यांचा इतिहास शोधणारे अभ्यासक्षेत्र. आधुनिक विद्यापीठीय शिस्त म्हणून ते विसाव्या शतकात आकाराला आले. यात उतरणाऱ्याला फारसी आणि अरबी यावी लागते, कुफी या जुन्या कोनदार अरबी लिपीतले लेख वाचता यावे लागतात आणि टेप घेऊन इमारत मोजताही यावी लागते. एकाच मशिदीवर अर्धे आयुष्य घालवणारे अभ्यासक इथे नवलाचे नाहीत.

पहिल्या पिढीचे लक्ष स्मारकांवर होते. फ्रेंच वास्तुविशारद आंद्रे गोदार १९२८ पासून इराणच्या पुरातत्त्व खात्याचे काम पाहत होते. अमेरिकन अभ्यासक आर्थर अपहॅम पोप यांनी संपादित केलेला इराणी कलेचा प्रचंड सर्वेक्षणग्रंथ १९३८-३९ मध्ये निघाला. छायाचित्रे, नकाशे, कालनिर्णय असा पाया या लोकांनी घातला आणि त्याचे मोल आजही कमी झालेले नाही. त्यांचे सिद्धांत मात्र सगळेच टिकले नाहीत.

इस्फहानची जामा मशीद हे त्याचे उत्तम उदाहरण. तिच्या दक्षिणेकडील मोठ्या घुमटावर सेल्जुक सुलतान मलिकशाह आणि त्याचा वजीर निजाम-उल-मुल्क यांची नावे आहेत. तो साधारण १०८६-८७ चा. उत्तरेला दुसरा, लहान घुमट आहे. तो वजिराचा प्रतिस्पर्धी ताज-उल-मुल्क याने हिजरी ४८१ मध्ये, म्हणजे १०८८-८९ च्या सुमारास बांधला. दरबारातली ही चुरस विटांत उतरलेली दिसते. आकाराने लहान असूनही उत्तरेचा घुमट प्रमाणबद्धतेत सरस आहे. मात्र तो नेमका कशासाठी बांधला, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. गोदार यांनी १९३६ मध्ये असे मांडले, की इराणातल्या जुन्या मशिदी मोकळ्या पटांगणात उभ्या असलेल्या एकट्या घुमटापासून सुरू झाल्या आणि त्या घुमटाचे मूळ इस्लामपूर्व सासानी राजवटीच्या अग्निमंदिरांत आहे. कल्पना देखणी होती, इराणच्या सलग परंपरेचा अभिमान जपणारीही होती. पण १९७० च्या दशकात एउजेनियो गाल्दिएरी यांच्या नेतृत्वाखालील इटालियन पथकाने फरशीखाली उत्खनन केले, तेव्हा चित्र पालटले. घुमटाच्या आधी तिथे अब्बासी काळातली खांबांची प्रशस्त मशीद होती आणि घुमट तिच्या पोटात नंतर बसवला होता. त्याही खाली आणखी जुन्या, लहान मशिदीची किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची भिंत निघाली, आणि तिची दिशाच वेगळी होती. पुढे ओलेग ग्राबार यांनी याच मशिदीवर १९९० मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिला एका राजाची निर्मिती न मानता शहराबरोबर वाढत गेलेली वास्तू म्हणून त्यांनी वाचले. हार्वर्डमधील इस्लामी कलेच्या आगा खान अध्यासनाचे ते पहिले प्राध्यापक. ‘मुकर्नस’ हे या क्षेत्रातले महत्त्वाचे वार्षिक त्यांनीच १९८३ मध्ये सुरू केले.

इमारतीकडून शहराकडे जाणारी ही वाट सर्वांत फलदायी ठरली. इस्लामी शहर म्हणजे वेड्यावाकड्या बोळांचे जाळे आणि त्याचे कारण धर्म, अशी समजूत पाश्चात्त्य लेखनात दीर्घकाळ होती. भूगोलाचे अभ्यासक मायकेल बोनाइन यांनी यज्द आणि आसपासच्या गावांत काम करून १९७९ मध्ये वेगळेच दाखवले. तिथले कितीतरी रस्ते बऱ्यापैकी सरळ आहेत आणि जमिनीच्या उताराला धरून जातात. डोंगरपायथ्याच्या विहिरीतून मंद उताराच्या भुयाराने येणारे कनातचे पाणी पाटांनी शेतांत खेळवले जाई. त्यामुळे शेते चौकोनी पडली. वस्ती वाढली तशी शेतांत घरे आली आणि पाटांच्या कडेने गल्ल्या. म्हणजे शहराचा आराखडा आधी पाण्याने आखला होता. जॅनेट अबू-लुघोद यांनी १९८७ मध्ये ‘इस्लामी शहर’ या साच्याचीच चिकित्सा केली. मोजक्या शहरांवरून, त्यातही उत्तर आफ्रिकेतल्या, तो सगळ्या मुस्लिम जगावर लादला गेला होता. या दोन लेखनांनंतर जुना साचा बिनदिक्कत वापरणे कोणालाही शक्य राहिलेले नाही.

दुसरे मोठे साधन म्हणजे वक्फनामे, म्हणजे धर्मादाय दानाचे दस्तऐवज. तब्रीझजवळ वजीर रशीदुद्दीन याने चौदाव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या रब-ए-रशीदी या वसाहतीचे आज भग्नावशेष तेवढे उरले आहेत. पण तिचा वक्फनामा शाबूत आहे. दवाखाना, शिक्षण, ग्रंथांच्या नकला, नोकरचाकर आणि त्यांचे पगार, सगळे त्यात नोंदलेले आहे. युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिनोंदणीत त्याचा समावेश केला. पडलेले शहर कागदावरून पुन्हा उभे करण्याची याहून चांगली संधी क्वचितच मिळते.

१९७९ च्या क्रांतीनंतर परदेशी, विशेषतः अमेरिकन संशोधकांचे इराणातले क्षेत्रकार्य बरेचसे थांबले. इराणी अभ्यासकांचे काम मात्र चालू राहिले. मोहम्मद करीम पीरनिया यांनी केलेली इराणी वास्तुशैलींची वर्गवारी तिथल्या वास्तुशिक्षणात रुजली आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध थेट आहे. अहमदनगरच्या फराहबागेचा अष्टकोनी, तळ्यामधला महाल इराणी आराखड्यांशी जोडून वाचावा लागतो. मलिक अंबरच्या खडकीतली, म्हणजे पुढच्या औरंगाबादेतली भूमिगत नहर पाहताना कनातची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांनी पुण्यात फारसी साधने मोठ्या कष्टाने संपादित केली. त्या साधनांचा उपयोग प्रामुख्याने राजकीय इतिहासासाठी झाला. नहरी, पेठा आणि बागा यांच्यासाठी ती नव्याने वाचायला हवीत.