चित्ती असो द्यावे: ‘समाधान’ या शब्दाची पार्श्वभूमी

पहाटे चूल पेटवताना माझी आजी ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान’ म्हणायची आणि नऊच्या एसटीने तालुक्याला जायची. आजोबांच्या मागे तिला मिळायला हवी ती पेन्शन कुठल्यातरी टेबलावर अडली होती. अकरा महिने तिने हेलपाटे घातले. तिच्या कापडी पिशवीत तुकोबांची गाथा आणि अर्जांच्या पोचपावत्या एकत्रच असायच्या. मला ते कोडं वाटायचं. देवाने ठेवलं तसंच राहायचं, तर तालुक्याला कशाला जायचं? एकदा विचारलं, तर म्हणाली, “अरे, समाधान चित्तात ठेवायला सांगितलंय. कागद कचेरीत अडकलाय.”

हा फरक आजीने एकटीने शोधलेला नाही. मराठीत ‘समाधान’ हा शब्द जिथून आला आणि ज्या माणसांच्या तोंडून आला, ते पाहिलं की तो फरक जागोजागी दिसतो.

आधी शब्दच पाहू. सम्, आ आणि धा हा धातू. म्हणजे नीट एकत्र आणून ठेवणं. ‘समाधी’ याच घरातली. वेदान्तात साधकाला लागणाऱ्या सहा गोष्टी सांगतात: शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान. तिथे समाधान म्हणजे विखुरलेलं चित्त एका जागी आणणं. ती करण्याची गोष्ट आहे, आपसूक वाट्याला येणारी नव्हे. हिंदीत हाच शब्द अडचणीवरच्या उपायासाठी वापरतात. आपल्याकडे ‘शंकासमाधान’मध्ये ती छटा उरली आहे, पण रोजच्या बोलण्यात समाधान म्हणजे मनाचं भरलेपण. खानदेश-विदर्भात तर मुलाचं नावच समाधान ठेवतात.

सुख बाहेर मिळत नाही ही जाणीव फार जुनी. छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे येतो आणि आपण काय काय शिकलो याची लांबलचक यादी सांगतो. चारही वेद, इतिहास-पुराण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या. सगळं सांगून झाल्यावर कबूल करतो की हे असूनही मी शोकात आहे, मला यातून पार न्या. त्यावर पुढे उत्तर येतं, ‘यो वै भूमा तत्सुखं नाल्पे सुखमस्ति’. जे अफाट आहे तेच सुख, तोकड्यात सुख नाही. महाभारतातला ययाती तर मुलाचं तारुण्य मागून घेतो आणि शेवटी सांगतो की उपभोगाने इच्छा शमत नाही, तुपाने आग भडकावी तशी वाढतच जाते. योगसूत्रांत संतोष हा पाच नियमांपैकी एक आहे, शौचाच्या लगेच पुढचा. रोज अंग धुवावं तसा हा मनाचा नेम, आणि त्याचं फळ ‘संतोषादनुत्तमः सुखलाभः’, ज्याच्या वर काही नाही असं सुख. गीतेने याला नाव दिलं ‘आत्मन्येवात्मना तुष्टः’.

हे सारं संस्कृतात होतं. इ. स. १२९० मध्ये, शके १२१२ ला, नेवाशात ज्ञानदेवांनी ते मराठीत आणलं. पण या इतिहासात ज्ञानेश्वरीच्याही आधी मला ताटीचे अभंग आठवतात, कारण तिथे समाधान हातातून निसटलेलं दिसतं.

संन्याशाची पोरं म्हणून या चार भावंडांना आळंदीने वाळीत टाकलं होतं. परंपरा सांगते की एकदा लोकांच्या बोलण्याने ज्ञानदेव इतके दुखावले की झोपडीत जाऊन त्यांनी ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे कुडाचं दार. कडी नाही, कुलूप नाही, एका धक्क्याने उघडेल असं. बाहेर धाकटी मुक्ताबाई उभी. ती ढकलून आत शिरत नाही. दाराशी उभी राहून एकेक अभंग म्हणते, आणि प्रत्येकाच्या शेवटी तीच विनवणी, ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’. त्यातल्या या ओळी:

‘योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा।
विश्व रागें झाले वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी॥’

जग रागाने आग झालं, तर संताने सुखाने पाणी व्हावं. त्यातला ‘सुखें’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. दात ओठ खाऊन सोसावं, असं ती म्हणत नाही. आणि ती हे बाहेरच्या कुणाला नव्हे, थोरल्या भावाला, ज्ञानियांच्या राजाला सांगते. त्यालाही ते पुन्हा सांगावं लागलं. आतलं सुख एकदा मिळालं की कायमचं खिशात राहतं, असा समज असेल तर या झोपडीच्या दाराशी क्षणभर थांबावं.

मग तुकोबा. ‘ठेविले अनंते’ हा अभंग आज सांत्वनाला गेलेल्या घरात म्हणतात, कॅलेंडरवर छापतात, आणि कुणी तक्रार केली की त्याला गप्प बसवायलाही ऐकवतात. हा शेवटचा वापर मला सहन होत नाही. अभंग कुणाचा आहे ते लक्षात घेतलं, तर तो करवणारही नाही.

देहूच्या या वाण्याच्या घरात महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांनी स्वतःची हकीकत एका अभंगात सांगितली आहे, त्यात सजावट अजिबात नाही: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान। स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली॥’ ही त्यांची पहिली बायको. मुलगा संतूही गेला. धंदा बुडाला, गावात तोंड दाखवायची लाज वाटू लागली. ‘चित्ती असो द्यावे समाधान’ म्हणणारा माणूस हा आहे. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला केलेला उपदेश नाही तो.

त्यानंतर तुकोबांनी काय केलं, ते बघा. भंडारा डोंगरावर एकांतात बसले. पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं. आणि परंपरेने सांगितल्याप्रमाणे भाऊ कान्होबाशी कर्जाच्या कागदांची वाटणी करून आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडून दिली. लोक दुष्काळात बुडाले असताना वसुलीचा हक्क पाण्यात टाकणं, हे ‘तैसेचि राहावे’ नव्हे. तैसेचि राहायचं असतं, तर दुष्काळ सरल्यावर वसुलीला निघाले असते. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली’ असं ते म्हणतात, तेव्हा ते आपल्या दिवाळ्याबद्दल बोलतात, शेजाऱ्याच्या नव्हे. आपल्या दुःखाला ‘बरें झालें’ म्हणायचा अधिकार ज्याचा त्याला. दुसऱ्याच्या दुःखाला तसं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

‘ठेविले अनंते’ या अभंगातच पुढे ‘भोगणें तें फळ संचिताचें’ असंही आहे. समर्थांच्या मनाच्या श्लोकांतही, ‘जगी सर्व सुखी असा कोण आहे’च्या लगेच पुढे, पूर्वसंचित येतं. या विचाराचा आधार घेऊन शतकानुशतकं खालच्या मानलेल्या माणसांना त्यांच्या जागी ठेवलं गेलं, हे नाकारून चालणार नाही. पण तुकोबांचाच दुसरा अभंग त्याच्या शेजारी ठेवून वाचावा: ‘मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचें कारण। मोक्ष अथवा बंधन, सुख समाधान इच्छा ते॥’ यात संचित नाही. क्रियापद ‘करा’ आहे.

विसाव्या शतकात हा प्रश्न उघडपणे विचारला गेला: समाधानी माणूस अन्यायाशी लढेल का? त्याला दोन मोठी उत्तरं मिळाली.

पहिलं मंडालेच्या तुरुंगातलं. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे गीतारहस्य लिहिलं. ते १९१५ मध्ये छापून आलं. त्यात ‘सुखदुःखविवेक’ नावाचं अख्खं प्रकरण आहे. ज्यांना इंग्रज पत्रकार चिरोलने भारतीय असंतोषाचे जनक म्हटलं, तेच कोठडीत बसून संतोषाचा अर्थ तपासत होते. दुर्योधनाचं ‘असंतोषः श्रियो मूलम्’ हे वचनही त्यांनी विचारात घेतलं. टिळकांचं सांगणं थोडक्यात असं की कर्म सोडून मिळवलेला संतोष कामाचा नाही आणि भोगाच्या हावेतला असंतोषही नाही. कर्तव्य जोमाने करायचं, पण आपलं सुख त्याच्या फळावर टांगून ठेवायचं नाही. १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, तेव्हाही ते मंडालेतच होते.

दुसरं उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, आणि मला ते जास्त नेमकं वाटतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत निघाला. धम्मपदात ‘सन्तुट्ठिपरमं धनं’ असं वचन आहे, संतोष हे सर्वांत मोठं धन. बाबासाहेबांनी ते गाळलं नाही, त्याचा अर्थ मात्र स्वच्छ करून घेतला. संतोष म्हणजे लाचारी नव्हे, परिस्थितीपुढे मान तुकवणं नव्हे. सोसणाऱ्याने सोसतच राहावं, आपली स्थिती बदलू नये, असं बुद्धांनी सांगितलेलं नाही. ज्या हावेला शेवट नाही तिच्या ताब्यात माणसाने जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. ज्याने चवदार तळ्याचं पाणी हक्काने ओंजळीत घेतलं, त्याने हा अर्थ सांगितला म्हणून त्याला वजन आहे.

टिळकांनी गीतारहस्य लिहिलं त्याच मंडालेत १९२४ मध्ये विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका जन्मले. व्यापारी घराणं, पैसा, मान, आणि जोडीला कुठल्याही औषधाने न जाणारी अर्धशिशी. ती घेऊन ते १९५५ मध्ये सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. उ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, संसारी गृहस्थ होते आणि विपश्यना ही ध्यानाची पद्धत शिकवत. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र उभं राहिलं.

तिथे मी दहा दिवस राहिलो आहे. पहाटे चारला घंटा होते. बोलायचं नाही, फोन नाही, वही-पेनही जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा, नाकपुड्यांच्या तोंडाशी येणारा-जाणारा. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. गुडघा ठणकायला लागला की हात आपोआप तिकडे जायचा. ठणका आहे आणि ‘हा जायलाच हवा’ हा माझा हट्टही आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला सहाव्या दिवशी, घामाने निथळत असताना, पहिल्यांदा कळलं. हट्ट सैल झाला. ठणका थोडा वेळ राहिला आणि मग बदलला. ‘सम् आ धा’चा अर्थ मला कोशातून कळला होता, तो तेव्हा अंगातून कळला. शिबिराला फी नसते. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं, म्हणजे मी जेवलो ते दुसऱ्या कुणाचं समाधान होतं.

दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि त्याआधी मैत्रीची साधना शिकवतात. दहा दिवसांत जे काही मिळालं असेल, ते सगळ्यांना मिळो, सगळे सुखी होवोत. डोळे मिटून बसलो होतो आणि ओठांवर पसायदान आलं. ज्ञानेश्वरी संपताना ज्ञानदेव आधी खळांची व्यंकटी सांडो म्हणतात, दुरितांचे तिमिर जावो म्हणतात, जो जे वांछील तो ते लाहो म्हणतात, ‘किंबहुना सर्व सुखी’ म्हणतात. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटच्या ओळीत येतं, विश्वेश्वर हे दान देतो म्हटल्यावर: ‘येणे वरें ज्ञानदेवो, सुखिया झाला’.